तांब्याच्या तारेने शिवलेली होडी: पेपरने विकली, लोकांनी घरी बांधली

होडी बांधायला कसलेला सुतार लागतो, मोठी जागा लागते आणि खिशात पैसा लागतो. शिडाची होडी म्हणजे पैसेवाल्यांचा शौक, असं इंग्लंडमध्येही बरीच वर्षं मानलं जायचं. १९६३ मध्ये 'डेली मिरर' या कामगारवर्गात खपणाऱ्या पेपरने एक होडी बाजारात आणली. सुट्ट्या भागांचं किट, किंमत ६३ पौंड ११ शिलिंग. जोडायची ज्याची त्याने, आपल्या घरी!

होडीचं नाव 'मिरर'. आराखडा केला जॅक होल्ट या नावाजलेल्या होडी-डिझायनरने आणि बॅरी बकनेलने. बकनेल तेव्हा टीव्हीवर लोकांना घरातली दुरुस्ती शिकवायचा. किचकट काम सोपं करून सांगणं हाच त्याचा हातखंडा.

जुन्या पद्धतीत आधी होडीचा सांगाडा उभा करावा लागतो, मग त्यावर फळ्या वाकवून बसवायच्या. खरं कसब तिथेच लागतं. मिररमध्ये ही पायरी जवळपास गायबच झाली.

ती कशी? दोन कागद घ्या, प्रत्येकाची एक कड गोलाईत कापा आणि त्या दोन गोल कडा चिकटपट्टीने एकमेकींना जोडा. सपाट कागदाला आपोआप फुगीर आकार येतो. प्लायवूडचंही तसंच. आकार फळीच्या कापातच दडलेला असतो, आणि किटमधल्या फळ्या आधीच कापून आलेल्या. कडांना भोकं पाडायची, त्यातून तांब्याची तार ओवायची, पक्कडीने पिळायची. मग सांध्यावर फायबरग्लासची पट्टी लावून रेझिन ओतायचं. ते कडक झालं की बाहेर आलेली तार कापून टाकायची. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पूर्वी काथ्याने शिवलेली गलबतं असायची, त्यांची शिवण मात्र कायमची. इथे ती कपड्याच्या कच्च्या टाक्यासारखी.

मिररची नाळ टोकदार नाही, चक्क चपटी आहे. दिसायला जरा बोजड, पण टोकाशी फळ्या पिळून जुळवायची कटकट वाचते आणि छोट्या होडीत जागाही जास्त मिळते. लांबी ३.३ मीटर, वजन सुमारे ४५ किलो. डोलकाठी आखूड, शिडाचा वरचा भाग वेगळ्या काठीवर चढतो. त्यामुळे सगळ्या काठ्या होडीतच मावतात आणि होडी गाडीच्या टपावर जाते. आत हवाबंद कप्पे असल्याने ती उलटली तरी तरंगत राहते.

दुखणं एकच, प्लायवूडच्या कडा. रंग उडाला की तिथून पाणी थरांत शिरतं आणि लाकूड कुजतं. समुद्राच्या पाण्यापेक्षा होडीत साचलेलं पावसाचं पाणी जास्त वाईट, कारण खाऱ्या पाण्यात बुरशी सहजी वाढत नाही. म्हणून किनाऱ्यावर ठेवताना होडी झाकून ठेवायची.

खरं तर ही तलावात किंवा खाडीत दिवसभर फिरून संध्याकाळी घरी आणायची होडी. पण १९९७ मध्ये ए. जे. मॅकिनन नावाचा शिक्षक शाळेतली एक जुनी मिरर घेऊन वेल्सच्या सीमेजवळून निघाला. बेत होता थोडं नदीतून फिरून यायचा. नद्या, कालवे आणि इंग्लिश खाडी ओलांडत, कधी शिडावर तर कधी वल्ही मारत, १२ देशांतून सुमारे ४,९०० किलोमीटर गेल्यावर तो थेट काळ्या समुद्रापाशी पोचला. वाटेत कितीतरी रात्री तो होडीवर कापड ताणून तिच्यातच झोपला.

आजवर अशा ७०,००० हून जास्त होड्या तयार झाल्या. पहिल्या क्रमांकाची मिरर इंग्लंडमधल्या फाल्मथच्या सागरी संग्रहालयाकडे आहे. शीड लाल, 'डेली मिरर'च्या रंगाचं.