दारापुढच्या अंगणाकडेही थोडे लक्ष द्या



ऊस नोंदीच्या व पाहणीच्या निमित्ताने आमचे वस्त्यावस्त्यांवर जाणे होते. फडाचा बांध न् बांध स्वच्छ ठेवणाऱ्या बागायतदाराच्या दारात मात्र कमरेएवढे गाजर गवत, मोरीचे साचलेले पाणी आणि खताच्या रिकाम्या पिशव्या दिसतात. विचारले तर उत्तर ठरलेले, "साहेब, पाण्याच्या पाळीतून सवड कुणाला?" उत्तर खोटे नाही. म्हणून रोज झारी धरावी लागेल अशी बाग आम्ही सुचवीत नाही.

आधी गाजर गवताचे बघा. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात नजरेस आलेले हे तण आता कुठे नाही ते सांगा! एक झाड १० हजारांहून अधिक बी देऊ शकते. ते वाऱ्याने, पाटाच्या पाण्याने, ट्रॅक्टरच्या चाकाला चिकटून फडात जाते. म्हणजे खुरपणीची मजुरी फडात द्यायची आणि तणाचे बी दारात पिकवायचे. शिवाय कित्येकांच्या अंगाला त्याने खाज सुटते, पुरळ उठते. दमेकऱ्याचे तर हालच. जमीन ओली असताना, फुलावर येण्याआधी, हाताला पिशवी बांधून ते मुळासकट उपटावे. फुलावर आलेले उकिरड्यात टाकू नये, नाहीतर शेणखताबरोबर बी शेतात जाते.

जागा उघडी ठेवली की तेच परत उगवते. रोपे लावून मधल्या जागेत वीतभर पाचट अंथरा. ते तर आपल्या घरचेच. मात्र भिंतीपासून तीन-चार हात लांब ठेवा, वाळवी लागते. आणि विडीचे थोटूक तिकडे टाकू नका.

कुंपणाला अडुळसा लावा. काडी खोचली की फुटतो, शेळी तोंड लावीत नाही, रुजल्यावर फार पाणी मागत नाही. कण्हेरही तशीच चिवट, फुलेही छान, पण विषारी. जनावरे आणि लहान पोरे असलेल्या दारात आम्ही ती सांगणार नाही. कुणी हिरवळीसाठी हरळी लावू म्हणेल, तर उसातली हरळी खणून ज्यांची कंबर मोडली त्यांनीच त्याला उत्तर द्यावे.

मोरीच्या पाण्यावर कर्दळ, अळू, केळीचे दोन खुंट चांगले पोसतात. पाणी जास्त असल्यास विहिरीपासून दूर, मीटरभर लांब-रुंद-खोल शोषखड्डा घेऊन दगडगोटे भरावेत. पाणी तुंबले नाही की डासही कमी होतात.

शेवग्याचे लाकूड ठिसूळ असते, म्हणून तो पत्र्यापासून लांब लावा. तीन-चार फुटांवर शेंडा खुडला म्हणजे शेंगा हाताला येतात. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला पाणी घालावे लागेल, त्यातून सुटका नाही. शेवग्याच्या फांद्या, अडुळशाच्या काड्या गावातच मिळतात. मृगाचा पाऊस झाला की लावून टाका.