शालेय क्रीडास्पर्धा आणि वैद्याची जबाबदारी

शालेय क्रीडास्पर्धांचा हंगाम सुरू झाला की चिकित्सालयात एक विशिष्ट मागणी वाढते. पालक किंवा क्रीडाशिक्षक विद्यार्थ्यास घेऊन येतात आणि ‘शक्तीचे औषध’ मागतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या पुढे असतात. दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांचीही आशा असते. अशा वेळी आपण काय द्यावे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय देऊ नये, याचा विचार येथे करीत आहोत.

बाल्यावस्था आणि व्यायाम

सोळा वर्षांपर्यंतच्या अवस्थेस चरकाचार्यांनी अपरिपक्व धातूंची अवस्था म्हटले आहे. वाग्भटाचार्यांनी तर बालकास व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. यावरून मुलांनी खेळू नये असा अर्थ काढणे आम्हांस योग्य वाटत नाही. निषेध आहे तो शक्तीबाहेरच्या आयासाचा. ५ ते १७ वयोगटाने दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते तीव्र शारीरिक हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वेही सांगतात.

प्रश्न मात्रेचा आहे. कपाळ, नाक, काख व सांध्यांच्या ठिकाणी घाम येऊ लागला, तोंडास कोरड पडली, श्वास तोंडावाटे सुरू झाला की अर्धशक्ती संपली असे समजावे. तिच्यापुढे नित्य ताण पडल्यास श्रम, क्लम, धातुक्षय, तृष्णा, रक्तपित्त, प्रतमक, कास, ज्वर व छर्दी हे चरकोक्त उपद्रव संभवतात. अर्धशक्ती व्यायामास शीतकाल व वसंत हे ऋतू सांगितले आहेत; अन्य ऋतूंत तो अल्पच करावा. आपल्याकडील तालुका व जिल्हा पातळीवरील बहुतेक स्पर्धा मात्र वर्षा आणि शरदातच येतात. म्हणून या काळात सरावाचे तास, विश्रांती आणि झोप यांची चौकशी केल्याशिवाय बल्य औषधाची चिठ्ठी लिहू नये.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी सोळा वर्षांचा एक मल्ल आमच्याकडे आला. स्पर्धा चार दिवसांवर होती. वजनी गटात बसण्यासाठी त्याने जेवण अर्ध्यावर आणले होते, पाणी जवळजवळ बंद केले होते आणि जाड स्वेटर घालून तो धावत होता. क्षुधा व तृष्णा या दोन्ही अधारणीय वेगांचे धारण चालले होते. भूक मेली म्हणून त्यास पाचक हवे होते. सवयीने आम्ही अग्नितुंडी वटी लिहू लागलो आणि थांबलो. तीत कुपीलू आहे. कुपीलूत स्ट्रिक्निन आहे. आणि जागतिक उत्तेजकविरोधी संस्था अर्थात वाडाच्या यादीनुसार स्ट्रिक्निन स्पर्धाकाळात निषिद्ध आहे.

आम्ही लाजामंड, सैंधव व शर्करा देऊन पाणी पिण्यास सांगितले. वजन भरले नाही आणि मुलगा स्पर्धेबाहेर गेला. वडील आमच्यावर रागावले. ते आम्ही ऐकून घेतले. पुढील वर्षी त्याने वरच्या गटात नाव नोंदविले, एवढे समाधान.

निषिद्ध द्रव्ये आणि आपले कल्प

शोधनाने कुपीलूची तीव्रता घटते. स्ट्रिक्निन पूर्णतः जात नाही. भंगायुक्त जातिफलादी चूर्ण आणि अहिफेनयुक्त कर्पूर रस अतिसारात आपण सहज वापरतो. परंतु भंगेतील मादक घटक व अहिफेनातील मॉर्फिन, दोन्ही स्पर्धाकाळात निषिद्ध आहेत. श्वासरोगात वापरल्या जाणाऱ्या सोमातील इफेड्रिन मूत्रात दर मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅमहून अधिक आढळल्यास दोष धरला जातो. कमळात आढळणारे हायजेनामाइन तर सर्वकाळ निषिद्ध आहे. २०१७ पासून ते यादीत नावानिशी आहे.

येथे नियम कठोर आहे. शरीरात द्रव्य आढळले की उत्तर खेळाडूनेच द्यावयाचे. ‘वैद्यांनी दिले’ म्हटल्याने निकाल वाचत नाही. ही तपासणी केवळ ऑलिंपिकपुरती नाही. २०१८ साली दिल्लीत सुरू झालेल्या ‘खेलो इंडिया’ शालेय स्पर्धांपासून राष्ट्रीय संस्था नाडा विद्यार्थी खेळाडूंचेही नमुने घेत आली आहे. २०२२ साली याविषयी स्वतंत्र राष्ट्रीय कायदाही झाला.

आपण काय करावे

विद्यार्थी रुग्णास ‘स्पर्धा खेळतोस का?’ हे प्रथम विचारावे व केसपेपरवर नोंदवावे. चिठ्ठीत कल्पाचे पूर्ण नाव लिहावे. सुट्या पुड्या देऊ नयेत. औषधी दुकानदार बंधूंनी घटक छापलेले नसलेले ‘बलवर्धक’ चूर्ण शाळकरी मुलांस विकू नये. त्यात स्टेरॉइड मिसळलेले असल्यास आपल्या हातून एका मुलाचे आयुष्य बिघडते आणि शास्त्रासही दूषण लागते. बल हवे असेल तर दूध, तूप, मूग, खजूर, वेळेवर जेवण, अभ्यंग आणि पुरेशी निद्रा यांवर आपला भर असावा.

पदक हुकले तर पुढल्या वर्षी मिळू शकते. वाढीच्या वयात क्षीण झालेले धातू भरून काढणे मात्र आपणां सर्वांस किती कठीण जाते, हे वेगळे सांगणे नलगे.