आनंदीबाई परत निघाल्या तेव्हा

आनंदीबाई जोशी अमेरिकेला कशा गेल्या, हे मराठी वाचकाला जवळपास पाठ आहे. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात २४ फेब्रुवारी १८८३ ला दिलेलं भाषण, एप्रिलात कलकत्त्याहून सुटलेली बोट, ४ जूनला दिसलेलं न्यूयॉर्क. कादंबरीने आणि चित्रपटाने ही वाट घरोघरी पोचवली. परतीची वाट मात्र दोन ओळींत आटोपते: पदवी मिळाली, तब्येत ढासळली, मायदेशी आल्या आणि गेल्या. मधली एक मोठी गोष्ट त्यात राहून जाते. तीन वर्षांहून जास्त काळ तिथे काढताना आनंदीबाईंनी माणसं जोडली होती. त्यांतल्या काही जणी तर त्यांच्यासारख्याच आपला मुलूख सोडून आलेल्या होत्या. त्या सगळ्यांचा निरोप घेऊन मगच त्यांना बोटीत चढायचं होतं.

तो काळ समजून घ्यायला अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापून आणली. बाईच्या बोलण्या-वागण्याला समाज कसा जाब विचारतो, याचा पंचनामाच तो. पुढच्याच वर्षी आनंदीबाई समुद्र ओलांडून गेल्या. ताराबाईंना घरात बसून जे सोसावं लागलं, तेच आनंदीबाईंना रस्त्यावर सोसावं लागत होतं. जोडे-मोजे घालून नवऱ्याबरोबर चालणाऱ्या या मुलीकडे लोक बोट दाखवत. अशा मुलीला परक्या गावात जिवाभावाचं माणूस भेटणं ही साधी गोष्ट नव्हती.

पहिलं माणूस भेटलं ते पत्रातून. आनंदीबाईंचे पती गोपाळराव कोल्हापुरात असताना त्यांनी रॉयल वाइल्डर या मिशनऱ्याला पत्नीच्या शिक्षणासाठी लिहिलं होतं. ख्रिस्ती व्हा, असं उत्तर आलं आणि तो सगळा पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापून आला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दंतवैद्याकडे नंबर लागायची वाट पाहत बसल्या होत्या. १८८० साली तिथेच त्यांच्या हाती तो अंक पडला. त्यांनी थेट आनंदीबाईंना पत्र लिहिलं. तीन वर्षं कागदावरच नातं वाढलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या आणि न्यूयॉर्कला उतरल्यावर मावशीच्याच घरी राहिल्या.

पुढे शिक्षणासाठी फिलाडेल्फिया. तिथल्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाच्या डीन रेचेल बॉडली परदेशी मुलींना मायेने वागवत. आनंदीबाई आल्यावर केई ओकामी ही जपानी तरुणी तिथे शिकायला आली, दमास्कसहून साबात इस्लामबूली आली. केई ख्रिस्ती, साबात ज्यू, आनंदीबाई हिंदू. तिघींची भाषा वेगळी, ताटातलं अन्न वेगळं. सारखं होतं ते परकेपण.

ऑक्टोबर १८८५ मधलं या तिघींचं एक छायाचित्र आहे. अभ्यासकांच्या पुस्तकांतून आणि इंटरनेटवरून ते आता जगभर पोचलं आहे. डावीकडे साडीतल्या आनंदीबाई, मधे किमोनोतली केई, उजवीकडे दागिन्यांनी मढलेल्या सीरियन पोशाखात साबात. मुद्दाम आपापल्या देशाच्या वेशात बसवून काढलेलं हे चित्र. कॉलेजला आपला लौकिक दाखवायचा असणार, हे उघड आहे. खालच्या ओळीत तिघींच्या नावाआधी डॉक्टर छापलं आहे, आणि तेव्हा एकीचीही पदवी हातात आलेली नव्हती. साबातचं नावही त्यात चुकलं आहे. पण नीट पाहिलं तर नजर खिळते ती चेहऱ्यांवर. कुणीही हसत नाही. आपण इथे कशासाठी आलो आहोत हे पक्कं ठाऊक असलेल्या मुली जशा बसतील, तशा त्या बसल्या आहेत.

बरोबर एका वर्षाने, ऑक्टोबर १८८६ मध्ये, यांतली पहिली मैत्रीण न्यूयॉर्कहून निघाली.

त्याआधी मार्चमध्ये एक भेट झाली. ती नसती तर हा निरोप अर्धाच राहिला असता. ११ मार्च १८८६ चा आनंदीबाईंचा पदवीदान समारंभ पाहायला इंग्लंडहून पंडिता रमाबाई आल्या होत्या. बोलावणं बॉडलीबाईंचं. बरोबर पाच वर्षांची होऊ घातलेली मनोरमा. रमाबाई आनंदीबाईंच्या दूरच्या नात्यातल्या, पण त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. आनंदीबाईंनी मात्र श्रीरामपूरच्या भाषणात जाहीर शब्द दिला होता, की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. पुण्यात या दोघींना एका पंगतीत बसू दिलं गेलं असतं का, याचं उत्तर कुणालाही देता येईल. फिलाडेल्फियात त्या सोबत राहू शकल्या, आपल्या भाषेत बोलू शकल्या. परदेश माणसाकडून पुष्कळ काही हिरावून घेतो. पण कधीकधी घरच्यांनी मनाई केलेलं नातंही तोच पदरात टाकतो.

रमाबाई पदवीदानापुरत्या आल्या होत्या, राहिल्या मात्र अडीच वर्षांहून अधिक. आनंदीबाईंना कोल्हापूर संस्थानच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमधल्या स्त्रियांच्या विभागाचं काम मिळालं होतं. पण अमेरिकेतली थंडी, कोंदट खोलीतला धूर, न मानवणारं जेवण यांनी पोखरलेल्या शरीरात क्षय शिरला होता. म्हणजे निघताना आनंद होता नोकरीचा, घाई होती गावची, आणि खोकला काही थांबत नव्हता. निरोप देणाऱ्या बहुतेक जणी वैद्यक शिकलेल्या किंवा शिकणाऱ्या. त्या खोकल्याचा अर्थ त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

नोव्हेंबर १८८६ मध्ये आनंदीबाई मुंबईत उतरल्या. जाताना ज्या समाजाने शिव्या घातल्या त्याने आता त्यांचं कौतुक केलं. कोल्हापूरला रुजू होणं घडलंच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या, तेव्हा बावीस पुरी व्हायला महिना उरला होता. गोपाळरावांनी अस्थी पाठवल्या त्या मावशीकडे. कार्पेंटरबाईंनी न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीच्या दफनभूमीत आपल्या माणसांच्या जागेत त्या ठेवल्या आणि वर दगड बसवला. अमेरिकेतली मराठी मंडळी आजही तो शोधत जातात.

हा शेवट करुण आहे, पण मराठीत ही गोष्ट नेहमी इथेच थांबवली जाते आणि मागे राहिलेल्या मैत्रिणी त्यातून गळतात, याची खंत वाटते. रमाबाईंनी १८८७ मध्ये फिलाडेल्फियात ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ छापलं. प्रस्तावना बॉडलीबाईंची. त्या पुस्तकाच्या आणि व्याख्यानांच्या बळावर अमेरिकेत पैसा उभा राहिला, बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. १८८८ च्या जूनमध्ये बॉडलीबाई वारल्या. वर्ष संपता संपता रमाबाईही निघाल्या, पश्चिम किनाऱ्यावरून जपानमार्गे, आणि फेब्रुवारी १८८९ मध्ये मुंबईत पोचल्या. विधवांसाठीची त्यांची शाळा, शारदा सदन, सुरू झाली ती ११ मार्च १८८९ ला. आनंदीबाईंच्या पदवीदानाची हीच तारीख, तीन वर्षांपूर्वीची. सदनातल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या.

केई ओकामीही १८८९ मध्ये पदवी घेऊन टोकियोला परतली आणि जिकेई हॉस्पिटलात स्त्रीरोग विभाग सांभाळू लागली. सम्राट हॉस्पिटलच्या भेटीला येणार तेव्हा बाई डॉक्टर समोर नको, असं ठरलं. तिने नोकरी सोडली. पुढे घरीच दवाखाना, मग छोटं हॉस्पिटल, परिचारिकांना शिकवणं, असं तिचं काम चालू राहिलं. साबात १८९० मध्ये डॉक्टर होऊन दमास्कसला गेली.

परदेशात जमलेली सगळीच मैत्री अशी विखुरत नाही. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले तेव्हा नवल भथेना हे पारशी विद्यार्थी त्यांचे खोलीसोबती झाले. १९१७ मध्ये बाबासाहेब मायदेशी आले. वेगळ्या जहाजाने येणारी त्यांची पुस्तकं समुद्रात बुडाली, पण भथेनांची मैत्री बुडाली नाही. १९२० मध्ये अपुरा अभ्यास पुरा करायला पुन्हा लंडनला जाताना बाबासाहेबांना भथेनांनी उसने पैसे दिले. दोघांनाही परतायला मुंबई हे एकच शहर होतं, हा फरक मोठा.

आज परतणाऱ्या कुटुंबांपुढे प्रश्न वेगळे असतात. दुबईहून किंवा डॅलसहून बिऱ्हाड हलवताना पोळपाट-लाटणं शेजारच्या तमिळ मैत्रिणीला, पाळणा नव्या बाळंतिणीला, तुळशीची कुंडी महाराष्ट्र मंडळातल्या कुणाला तरी, अशी वाटणी होते. गावच्या ओट्यावर बसूनही त्यांच्याशी व्हिडिओवर बोलता येतं. फिलाडेल्फियातल्या मैत्रिणींकडे फक्त टपाल होतं आणि पत्र पोचायला महिना लागे. साबातचा शेवटचा माग लागतो तो कॉलेजच्या माजी विद्यार्थिनींच्या यादीत: १९१९ च्या सुमारास तिच्या नावापुढे कैरोचा पत्ता आहे, त्यानंतर कॉलेजचा तिच्याशी संपर्क राहिला नाही.