जुन्या पद्मिनीला कोणता प्लग?

मुंबईहून गोव्याकडे निघालेली जुनी प्रीमियर पद्मिनी पेण, वडखळ, नागोठणे करत कोलाडला पोचते, तोवर तिच्या चार प्लगांनी दोन अगदी उलट कामं केलेली असतात. शहरातल्या सिग्नलांवर आणि वडखळच्या कोंडीत गाडी रांगते, इंजिनावर भार नसतो आणि प्लगच्या टोकावर काजळी धरते. पुढे सुकेळी खिंडीत भरलेली गाडी खालच्या गिअरमध्ये चढते, तेव्हा तेच टोक तापून निघतं. दोन्ही ठिकाणी निभावेल असा प्लग ठरतो तो त्याच्या उष्णता-क्रमांकावरून, म्हणजे गॅरेजच्या भाषेत तो गरम की थंड यावरून. दुकानात मात्र चर्चा होते इरिडियम आणि प्लॅटिनमची, आणि माझ्या मते निवड तिथेच चुकते.

गाडीबद्दल थोडक्यात. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात फियाट ११०० बांधली, सत्तरच्या दशकात तिची पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं इंजिन, कार्बोरेटर, पॉइंट आणि कॉइल. टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. हौशी मालकांनी ती जपली आहे.

गरम प्लगची ठिणगी जास्त गरम असते, हा समज आधी काढून टाकायला हवा. फरक आहे तो टोकाकडच्या चिनीमातीच्या लांबीचा. ही पांढरी नळी लांब असेल तर उष्णता हेडपर्यंत पोचायला वेळ लागतो, टोक तापलेलं राहतं. तो गरम प्लग. आखूड असेल तर उष्णता पटकन निघून जाते, तो थंड. साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या खाली टोकावरची काजळी जळत नाही आणि गाडी मिसिंग मारते. ८५० अंशांच्या आसपास टोक इतकं लाल होतं की ठिणगीची वाट न पाहता मिश्रण पेटतं, आणि त्यात पिस्टन वितळू शकतो. आता आकड्यांचा घोळ पाहा. माइको या बॉशच्याच भारतीय कंपनीच्या जुन्या प्लगांवर डब्ल्यू १४५, डब्ल्यू १७५ असे आकडे असत. मोठा आकडा म्हणजे थंड प्लग. बॉशच्या नव्या पद्धतीत हे उलटलं: १४५ चा झाला ८, १७५ चा ७, आणि आता लहान आकडा थंड. एनजीकेच्या डब्यावर पुन्हा मोठा आकडा थंड. जुन्या डब्यावरचा आकडा आठवून दुसऱ्या कंपनीचा प्लग मागणारा मालक नेमका उलट माल घरी आणू शकतो. म्हणून गाडीच्या मूळ पुस्तिकेतला क्रमांक घ्यावा आणि कंपनीच्या तक्त्यातून त्याचा जोड शोधावा.

यावर एक आक्षेप रास्त आहे: झिजलेलं इंजिन ऑइल खातं, मूळ क्रमांकाचा प्लग वारंवार शॉर्ट होतो, मग एक पायरी गरम का घालू नये? गाडी गावातल्या गावात फिरणार असेल तर जरूर घालावा. पण तीच गाडी चार माणसं आणि सामान घेऊन घाट चढणार असेल तर ती सवलत धोक्याची आहे. इरिडियमच्या बाजूनेही तथ्य आहे. त्याचं बारीक टोक कमी व्होल्टेजवर ठिणगी देतं आणि फार सावकाश झिजतं. पण तेलकट काजळीने प्लग झिजण्याआधीच निकामी होत असेल, तर त्या दीर्घायुष्याचे पैसे फुकट जातात. आणि मोठी गॅप ठेवली की ठिणगी दमदार होते म्हणावं, तर पॉइंटवर चालणाऱ्या कॉइलचा दम मर्यादित असतो. फिलर गेजने ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवली की पुरते; त्याहून वाढवली, तर पावसाळ्यातल्या ओल्या वायरी आधी दगा देतात.

चुडीची लांबीही मूळचीच हवी. १४ मिलिमीटर जाडीचे प्लग १२.७ आणि १९ अशा दोन्ही लांबींत मिळतात, आणि लांब प्लग आखूड हेडमध्ये बसवला तर पिस्टनला लागू शकतो.

निवड बरोबर आहे का, हे रस्ताच सांगतो. खिंड चढून आल्यावर इंजिन थंड होऊ द्यावं आणि चारही प्लग काढून सिलिंडरच्या क्रमाने ओळीत ठेवावेत. फिकट तपकिरी टोक म्हणजे ठीक. तीन तपकिरी आणि एक काळं, ओलसर असेल तर दोष बहुधा त्या सिलिंडरच्या रिंगांचा किंवा व्हॉल्व्ह गाइडचा, प्लग बदलून तो जाणार नाही. चारही पांढरीफटक असतील तर आधी कार्बोरेटर तपासावा, कारण २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये ऑक्सिजन असतो आणि जुन्या जेटला मिश्रण पातळ पडतं. जेट आणि टायमिंग जमवूनही पांढरेपणा राहिला, तरच एक पायरी थंड प्लग घ्यावा.