खिशातली ऑपरेटिंग सिस्टिम : पाव शतकाचा मागोवा

बूटेबल पेनड्राइव्ह बनवायला आज पंधरा-वीस मिनिटं पुरतात. आयएसओ फाइल उतरवायची, रूफससारख्या प्रोग्रॅमला पेनड्राइव्ह दाखवायचा, स्टार्ट दाबायचं. हे सोपं व्हायला पंधराएक वर्षं गेली. गंमत अशी, की बनवणं सोपं झालं नि नेमकं तेव्हाच त्यावरून मशीन सुरू करणं अवघड होऊ लागलं.

सुरुवात सीडीपासून झाली. सीडीवरून संगणक कसा बूट व्हावा याचा ‘एल टोरिटो’ हा नियम १९९५ मध्ये ठरला. २००० मध्ये जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी ‘क्नॉपिक्स’ हे सीडीवरून चालणारं लिनक्स आणलं. सुमारे दोन जीबीचं सामान दाबून ७०० एमबीच्या सीडीत बसवलेलं, आणि साउंड कार्डापासून नेटवर्क कार्डापर्यंत सगळं आपणहून ओळखणारं. हार्ड डिस्कला हात न लावता लिनक्स चालत होतं. तोवर लिनक्स बघायचं तर पार्टिशन पाडावं लागे आणि त्यात विंडोजचा बळी जाईल ही धास्ती असे. आता आधी चालवून बघा, पटलं तर टाका. शिवाय विंडोज उडालेल्या मशीनमधून फोटो आणि हिशेबाच्या फाइली बाहेर काढायला हीच सीडी कामाला येऊ लागली.

आपल्याकडे डायल-अपवर ७०० एमबी उतरवणं म्हणजे फोनचं बिल भरता भरता नाकी नऊ. म्हणून सीडी हातोहात फिरत. २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘लिनक्स फॉर यू’ या मासिकासोबत सीडी मिळे. पुढे उबुंटू लिनक्सवाले मागणी नोंदवणाऱ्याला फुकट सीडी पोस्टाने घरपोच पाठवत. ती सोय २०११ मध्ये बंद झाली. पण सीडीवर काही लिहून ठेवता येत नसे. आज मराठी कीबोर्ड लावला, वाय-फायचा पासवर्ड घातला, तरी उद्या पाटी कोरी.

पेनड्राइव्हने ती अडचण सोडवली, पण लगेच नाही. २०००च्या अखेरीस आयबीएमने विक्रीला आणलेला पेनड्राइव्ह ८ एमबीचा होता. त्यात क्नॉपिक्स मावणं शक्यच नव्हतं. म्हणून ५० एमबीत बसणारं ‘डॅम स्मॉल लिनक्स’ आणि सगळंच्या सगळं रॅममध्ये चढून चालणारं ‘पपी’ यांना तेव्हा भाव आला. पेनड्राइव्ह जीबीत गेले तेव्हा आज रुळलेली रचना स्थिरावली : मूळ सिस्टिम दाबून केलेल्या एका फाइलमध्ये, तिच्यात बदल नाही, तुम्ही केलेले फेरफार वरच्या वेगळ्या थरात. म्हातारीच्या गोधडीसारखं, खालचं कापड तेच, ठिगळं वरून. वरचा थर पेनड्राइव्हवर साठवला तर तुमचं काम टिकतं, रॅममध्येच ठेवला तर बंद करताच पुसलं जातं.

हे पुसलं जाणंच ‘टेल्स’ने गुण म्हणून वापरलं. २००९ पासूनची ही सिस्टिम सगळी वाहतूक टॉर या ओळख लपवणाऱ्या नेटवर्कमधून पाठवते आणि ज्या संगणकावर चालते त्याच्या डिस्कवर माग ठेवत नाही. २०१३ च्या स्नोडेन प्रकरणात पत्रकारांनी तिचा आधार घेतला, तेव्हा तिचं नाव जगभर झालं.

बनवण्याच्या बाजूला खरी करामत २००८ ची. सीडीच्या आयएसओ रचनेत सुरुवातीचे ३२,७६८ बाइट मोकळे सोडलेले असतात. सिसलिनक्स या बूटलोडरच्या ‘आयसोहायब्रिड’ने त्या रिकाम्या जागेत हार्ड डिस्कला लागतो तसा बूट कोड बसवला. एकच फाइल सीडीवर जाळा किंवा जशीच्या तशी पेनड्राइव्हवर ओता, दोन्हीकडून बूट होते. लिनक्सवर त्याला डीडी ही एकच कमांड पुरे. मात्र तिथे पेनड्राइव्हच्या ‘एसडीबी’ या नावाजागी हार्ड डिस्कचं ‘एसडीए’ लिहिलं गेलं, तर पेनड्राइव्हऐवजी हार्ड डिस्क साफ; डीडी काही विचारत बसत नाही. त्यामानाने २००७ चं यूनेटबूटिन आणि २०११ चं रूफस सावध. २०२० मध्ये आलेल्या व्हेंटॉयने तर ओतण्याचं कामच संपवलं : एकदा तयार करा, मग आयएसओ फाइली नुसत्या कॉपी करत जा.

दरम्यान मशीन बदललं. जुन्या बायोसमध्ये बूट ऑर्डर वरखाली केली की काम भागे. २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत सिक्युअर बूट आलं : सही नसलेला बूट कोड चालणार नाही. बूट होतानाच शिरणाऱ्या रूटकिटसारख्या घातक प्रोग्रॅमना आवर घालायला हे योग्यच, पण जवळपास प्रत्येक पीसीत विश्वासाची चावी मायक्रोसॉफ्टची. उबुंटू, फेडोराने मायक्रोसॉफ्टची सही घेतलेला ‘शिम’ नावाचा छोटा प्रोग्रॅम पुढे करून वाट काढली. लिनक्सच्या छोट्या वितरणांच्या वापरकर्त्यांना मात्र अनेकदा सेटिंगमध्ये शिरून सिक्युअर बूट बंद करावं लागतं. भरीला विंडोजच्या बिटलॉकरसारखं डिस्कवरचं एन्क्रिप्शन : की नसेल तर बाहेरून बूट करूनही फाइली उघडत नाहीत.

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळी पडली, तेव्हा मायक्रोसॉफ्टने काय दिलं? बूटेबल यूएसबी बनवायचं साधन. आयटीवाले एकेका मशीनपाशी पेनड्राइव्ह घेऊन गेले, आणि अनेक ठिकाणी बिटलॉकरची रिकव्हरी की सापडेना म्हणून अडले.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ न चालणारे कितीतरी धडधाकट संगणक आता लिनक्सचे उमेदवार आहेत. पेनड्राइव्हवरून आधी चालवून बघायचा क्नॉपिक्सचा मार्ग त्यांना आजही लागू पडतो. फक्त त्याआधी फर्मवेअरचा पासवर्ड आणि रिकव्हरी की आपल्या हाताशी आहे ना, एवढं बघून घ्यावं.