मूल समितीपुढे जाते तेव्हा



या व्याख्यानमालेत कायद्यावर बोलण्यासाठी वकील सोडून माझ्यासारख्या युनियनच्या माणसाला उभे केले, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मलाही वाटले. माझे शिक्षण नववीपर्यंतचे. कायदा मी शिकलो तो वाचनालयाच्या बाकावर आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. परंतु आजचा विषय मी मागून घेतला आहे, कारण त्यात माझी एक चूक आहे आणि ती चारचौघांत सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आपल्या पूर्वभागात घरोघर विडी वळली जाते. मांडीवर सूप, सुपात पाने आणि तंबाखू, बाजूला कात्री. काही वर्षांपूर्वी अशाच एका घरातली अकरा वर्षांची मुलगी एका ठेकेदाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाने कापत असताना तपासणीत सापडली. बाप घर सोडून गेलेला. आई सकाळी विड्या द्यायला गेली होती; परत आली तर पोर नाही. ती धावत युनियनच्या कचेरीत आली आणि म्हणाली, “अण्णा, पोरीला रिमांड होममध्ये घातलं. तिनं काय चोरी केली?”

मी काय केले? जे मला येते तेच केले. चाळीस बाया गोळा केल्या आणि पोलीस ठाण्यावर मोर्चा नेला. घोषणा झाल्या, निवेदन झाले, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. पण मुलगी पोलीस ठाण्यात नव्हतीच. तिचा निर्णय तिसऱ्याच ठिकाणी, बाल कल्याण समितीपुढे चालला होता. तेथे तारखा पडत होत्या आणि आई हजर नव्हती. ती हजर नव्हती, कारण तिचा पुढारी तिला भलत्याच दारात घेऊन उभा होता.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की ही समिती म्हणजे काय. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम 2015 हा कायदा 15 जानेवारी 2016 पासून लागू झाला. त्यात मुलांचे दोन वर्ग आहेत. ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाते आणि त्याला ठेवावयाचे झाल्यास निरीक्षणगृहात ठेवतात. ज्याला काळजी आणि संरक्षण यांची गरज आहे, म्हणजे बेघर, टाकलेले, भीक मागणारे, कायदा मोडून कामाला लावलेले, घरात मारहाण होणारे किंवा ज्याचे बालवयात लग्न लावण्याचा घाट घातला आहे असे मूल, ते बाल कल्याण समितीकडे जाते आणि बालगृहात राहते. आपले लोक दोन्हींना सरसकट ‘रिमांड होम’ म्हणतात. या एका शब्दाने अर्धी घबराट उडते. बालगृहातले मूल आरोपी नसते.

समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत किमान एक स्त्री असते. टेबलाशी साध्या कपड्यातली माणसे बसलेली पाहून आपल्याला ती एखादी सल्लागार मंडळी वाटतात. पण त्यांच्या पीठाला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. मूल ताब्यात घेतल्यापासून, प्रवासाचा वेळ सोडून, 24 तासांच्या आत ते समितीपुढे आणावेच लागते. नंतर सामाजिक तपासणी होते. तपासणीचा माणूस घरी येतो, शेजारी विचारतो, शाळेत जातो. हा अहवाल 15 दिवसांत तयार व्हावा आणि मूल प्रथम हजर केल्यापासून चार महिन्यांच्या आत समितीने अंतिम आदेश द्यावा, अशी कायद्याची योजना आहे. माझ्या मते आईबापांचे नशीब ठरते ते त्या पंधरा दिवसांत. अहवालात एकदा ‘घरी कुलूप, पालक भेटले नाहीत’ असे लिहिले गेले की पुढच्या सगळ्या तारखांना ते वाक्य आईच्या आधी बोलते.

आता कोणी म्हणेल, गरिबांना एवढी भीती का वाटावी? सरकार मुलाला खाऊ घालते, शिकवते. श्रोते हो, सोलापुरात हा प्रश्न विचारणाऱ्याने ‘सेटलमेंट’ हा शब्द आठवावा. आज तो एका वस्तीचा पत्ता आहे. इंग्रजी अमदानीत ती काटेरी तारेच्या आतली वसाहत होती. पारधी, कैकाडी अशा जातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवून तिच्यात डांबले होते. त्यांना हजेरी द्यावी लागे आणि त्यांतली कितीतरी माणसे येथल्याच गिरण्यांत कामाला जात. गुन्हेगार जमाती कायद्यात एक कलम होते. त्याप्रमाणे सहा ते अठरा वर्षांची मुले आईबापांपासून वेगळी काढून सुधारणेच्या शाळेत घालण्याचा अधिकार सरकारला होता. आईने काही केले की नाही, हा प्रश्नच नव्हता. ती अमुक जातीची आहे एवढे पुरे होते. हा कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला. पण आजीने नातीला सांगितलेली गोष्ट कायद्याबरोबर रद्द होत नाही. सरकारी माणूस दारात आला की पोर माडीवर लपवायची ही रीत अजून आहे, आणि लपवलेले पोर सापडले की संशय दुणावतो.

याच जिल्ह्यात दुसरीही परंपरा आहे. पंढरपूरचा बालकाश्रम 1875 साली लालशंकर उमियाशंकर या न्यायाधीशाच्या पुढाकाराने निघाला आणि प्रार्थना समाजाने तो चालवला. समाजाच्या भीतीने अर्भके टाकली जात, मारली जात. त्यांना तेथे आसरा मिळाला. म्हणजे मूल आईपासून दूर ठेवण्याने जीव वाचतो, असेही प्रसंग असतात. मी स्वतः चाळीत दारुड्या बापाने फोडलेले पोराचे डोके पाहिले आहे. तेथे समितीने मूल नेले नसते तर मीच दार ठोठावले असते. युनियनचा माणूस म्हणून मी आईबापांची बाजू घेतो, पण मुलावर हात टाकणाऱ्याची नाही.

गोंधळ होतो तो गरिबी आणि हेळसांड यांच्या सीमेवर. घरात दाणा नाही, आई कामावर, मूल शाळा सोडून फिरते आहे, हे चित्र दोन्ही घरांत सारखेच दिसते. कायद्याने येथे काही गोष्टी स्पष्ट केल्या आहेत, त्या मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असतात. मुलाचे पालनपोषण ही प्रथम कुटुंबाची जबाबदारी. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय. मुलाला पुन्हा घरी पोचवणे हे बालगृहाचे प्रमुख उद्दिष्ट. मुलाला क्रूरपणे वागवणाऱ्यास 75 व्या कलमात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण आईबापांनी हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे मूल टाकले असेल तर ते जाणूनबुजून टाकले नाही असेच मानावे, असे तेच कलम सांगते. आणि 45 व्या कलमात प्रायोजकत्वाची, म्हणजे मूल घरीच ठेवून घराला पैसे देण्याची सोय आहे. विधवा, घटस्फोटित, घरच्यांनी टाकलेली आई, अपघाताने अधू झालेले आईबाप यांचा त्यात नावाने उल्लेख आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्यात यासाठी महिना 4000 रुपये ठरवले आहेत. राज्याची सावित्रीबाई फुले यांच्या नावाची बालसंगोपन योजना वेगळी आहे. समितीपुढे ‘माझे मूल द्या’ एवढेच म्हणणारी आई आणि ‘मूल द्या आणि हा प्रायोजकत्वाचा अर्ज घ्या’ म्हणणारी आई, यांत फार अंतर पडते.

पण हे तिला सांगणार कोण? येथे वकील लागतो, आणि वकील म्हटला की आपल्या बायका मंगळसूत्राकडे हात नेतात. तो नेण्याचे कारण नाही. राज्यघटनेत 1976 साली 39-अ हे कलम आले: पैशाअभावी कोणाला न्याय नाकारला जाऊ नये. त्यापूर्वीही, 1949 साली, मुंबई राज्याने न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नावर समिती नेमली होती. प्रत्यक्ष विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा, आणि तो अमलात यायला 9 नोव्हेंबर 1995 उजाडावे लागले. मंजूर कायदा आठ वर्षे कपाटात ठेवण्याची कला आपल्या राज्यकर्त्यांकडून शिकावी. असो.

या कायद्याच्या 12 व्या कलमाने फुकट वकील कोणाला मिळतो ते पाहा. कोणतीही स्त्री, मग तिचे उत्पन्न कितीही असो. कोणतेही मूल. अनुसूचित जाती-जमातींची माणसे. अपंग. कोठडीत असलेला. औद्योगिक कामगार. याखेरीज ज्याचे वार्षिक उत्पन्न मर्यादेच्या आत आहे असा कोणीही. आपल्या राज्यात ही मर्यादा 3 लाख रुपये आहे. म्हणजे विडी कामगार बाई एका दाराने नव्हे, दोन दारांनी आत जाते: स्त्री म्हणून आणि कामगार म्हणून. रिक्षा चालवणारा बाप उत्पन्नाच्या दाराने जातो आणि त्यासाठी त्याचे प्रतिज्ञापत्र सर्वसाधारणपणे पुरते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते, तालुक्याच्या न्यायालयात तालुका समिती असते आणि 15100 हा दूरध्वनी देशभर चालतो.

बाहेरच्या देशांत काय आहे, असे मला विचारतात. इंग्लंडमध्ये सरकार मूल काढून घेण्यासाठी कोर्टात गेले की आईबापांना उत्पन्न न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो. अमेरिकेत मात्र सर्वोच्च न्यायालयाने 1981 साली असे ठरवले, की आईचा मुलावरचा हक्क कायमचा संपवतानाही प्रत्येक वेळी वकील दिलाच पाहिजे असे घटना सांगत नाही. श्रीमंत देश म्हणून सगळीकडे सारखे आहे असे समजू नये.

वकिलाकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. मुलाचा जन्मदाखला, शाळेचा दाखला, लसीकरणाचे कार्ड, शिधापत्रिका, विडी कामगाराचे ओळखपत्र, आणि मुलाकडे लक्ष देईल अशी आजी, मावशी, शेजारीण कोणी असेल तर तिलाही बरोबर न्यावे. समितीच्या प्रत्येक आदेशाची नक्कल मागावी. आपल्याकडे पुष्कळ आयांना तेलुगू वाचता येते, मराठी येत नाही. त्यांनी लाज न धरता ‘मला वाचून समजावून सांगा’ म्हणावे आणि मगच अंगठा द्यावा. विशेषतः मूल कायमचे सोपवण्याच्या कागदावर. तो कागद समितीसमोरच व्हावा लागतो आणि त्यानंतरही आईबापांना फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. ते गेले की मूल दत्तकासाठी मोकळे होऊ शकते.

एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. चौदा वर्षांखालच्या मुलाला 2016 च्या दुरुस्तीपासून कोणत्याही धंद्यात कामाला ठेवता येत नाही. शाळा सुटल्यावर घरच्या बिनधोक कामात हातभार लावण्याची सूट आहे, आणि विडी वळणे हे 1986 पासूनच बालकामगार कायद्याच्या परिशिष्टात बसलेले काम आहे. ‘आम्हीही लहानपणी वळत होतो’ हे समितीपुढे उत्तर होत नाही. त्या मुलीच्या आईने माझ्या सांगण्यावरून हेच उत्तर दिले होते.

तिचे पुढे काय झाले? समितीने मुलीला बालगृहात ठेवण्याचा आदेश दिला. अशा आदेशावर 30 दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येते. आम्हांला हे कळले तेव्हा चव्वेचाळिसावा दिवस होता. विधी सेवेतून एक तरुण वकीलबाई मिळाल्या. त्यांनी मला पहिल्याच भेटीत विचारले, “भाऊ, मोर्चा काढलात त्या दिवशी माझ्याकडे का नाही आलात?” मला उत्तर सुचले नाही. पुरेसे कारण दाखवले तर मुदतीनंतरही न्यायालय अपील घेऊ शकते, असे 101 व्या कलमात आहे. आईला मराठी वाचता येत नाही, आदेश तिला कोणी समजावला नाही आणि युनियनने तिला चुकीच्या कचेरीत फिरवले, हे कारण त्यांनी अर्जात लिहिले. त्या अर्जाखाली माझे प्रतिज्ञापत्र जोडले आहे. उशीर माफ झाला, आईचे म्हणणे ऐकण्यासाठी प्रकरण समितीकडे परत गेले, तपासणीचा माणूस पुन्हा घरी आला. या वेळी दार उघडे होते, शेजारीण बसली होती आणि शाळेच्या मुख्याध्यापकांचे पत्र तयार होते. मुलगी सहामाही परीक्षेच्या आधी घरी आली. मधल्या पाच महिन्यांत बालगृहात ती मराठी धडाधड वाचायला शिकली होती. प्रायोजकत्वाचा आदेश आईला तिनेच वाचून दाखवला.