उसाच्या फडातले साप : ओळख आणि खबरदारी



उसाचा फड म्हटला की उंदीर आला, आणि उंदीर आला की त्याच्या मागोमाग साप आलाच. रात्रीची वीज असली की दारं धरायला अंधारात जावं लागतं आणि तोडणीला पाचटात हात घालावा लागतो. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सुमारे 12 लाख माणसे सर्पदंशाने दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यापाड्यांतली होती. म्हणून या विषयाची माहिती आम्ही येथे देत आहोत.

आपल्याकडे माणसे दगावतात ती मुख्यतः चार सापांच्या दंशाने : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. बाकीचे बहुतेक साप बिनविषारी किंवा माणसाला फारसा धोका नसलेले आहेत. अडचण अशी की, या चौघांसारखेच दिसणारे गरीब सापही आपल्याच रानात आहेत.

नाग आणि धामण : फणा काढला की नाग कुणीही ओळखतो. पण फणा मिटलेला नाग आणि धामण यांत लांबून फसगत होते. शिवाय प्रत्येक नागाच्या फण्यावर दहाचा आकडा असतोच असे नाही. धामण नागापेक्षा लांब वाढते, तोंड निमुळते, डोळे मोठे आणि ओठांवर काळ्या उभ्या रेघा असतात. ती फणा काढत नाही. ‘धामण ही नागाची मादी’, ‘धामण म्हशीचं दूध पिते’ या निव्वळ वावड्या आहेत. धामण उंदरांवर जगते. उंदीर ऊस कुरतडतो, बांध पोखरतो. तेव्हा धामण मारणे म्हणजे आपल्याच फडाचा बिनपगारी राखणदार मारणे होय.

मण्यार आणि कवड्या : मण्यार काळीनिळी, चकचकीत, अंगावर पांढरे बारीक पट्टे, बहुधा जोडीजोडीने. हे पट्टे डोक्यामागे थोडे अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्याचे याच्या उलट : पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होतात. मण्यार रात्री हिंडते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि पुष्कळदा दुखत नाही की सूज येत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, तोवर उशीर झालेला असतो. कोपीत भुईवर झोपणाऱ्या तोडणी मजुरांना हा धोका सगळ्यांत जास्त. त्यांना खाट द्यावी, निदान मच्छरदाणी नीट खोचून झोपायला सांगावे.

घोणस आणि डुरक्या घोणस : घोणस जाडजूड, डोके त्रिकोणी, पाठीवर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या तीन ओळी. डिवचली की कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार टाकते. ती अंडी घालत नाही, एकदम वीस-चाळीस पिलांना जन्म देते आणि पिलूही जन्मापासून विषारी असते. डुरक्या घोणस बिनविषारी. तिच्या अंगावरचे डाग वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले आणि शेपटी आखूड.

फुरसे : हे बहुधा दोन फुटांच्या आतच असते. डोक्यावर बाणासारखी खूण असते. अंगाचे वळसे एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करते. पाणथळ फडापेक्षा माळरानात, दगडगोट्यांत जास्त आढळते. लहान म्हणून त्याला हलके समजू नये.

आता महत्त्वाचे. ही ओळख दंशाआधीसाठी आहे. दंश झाल्यावर साप ओळखत किंवा शोधत बसू नये. आपल्या देशात मिळणारे प्रतिविष या चारही सापांच्या विषावर चालते. साप बिनविषारी वाटला तरी दवाखाना चुकवू नये. कापणे, चोखणे, दोरीने आवळणे, मांत्रिकाकडे नेणे हे सारे वेळ घालवणारे आणि घातक आहे. माणसाला धीर द्यावा, अंगठी-कडे काढावे, चावलेला हातपाय फळीला बांधून स्थिर ठेवावा, चालू देऊ नये आणि मिळेल त्या वाहनाने प्रतिविष असलेल्या सरकारी दवाखान्यात न्यावे. दंशाची वेळ लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगावी.

या प्रतिविषामागेही एक सहकारी संस्था आहे, हे सभासदांना वाचून बरे वाटेल. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर सापाच्या कातड्याचा धंदा बंद पडत गेला आणि तामिळनाडूतील इरुळा समाजाची रोजीरोटी अडचणीत आली. 1978 मध्ये याच लोकांनी सापवाल्यांची सहकारी सोसायटी काढली. ते साप धरतात, विष काढतात आणि साप पुन्हा रानात सोडतात. ते विष औषध कारखान्यांना जाते. तेथे घोड्यांना थोडे थोडे टोचून त्यांच्या रक्तापासून प्रतिविष बनवतात. ज्यांचे पूर्वी साप मारून पोट भरायचे, त्यांच्याच हातून आज माणसे वाचताहेत.

तेव्हा रात्री फडात जाताना गमबूट आणि बॅटरी विसरू नका, पाचटात हात घालण्याआधी काठीने हलवून घ्या. साप दिसला तर कोयता उचलू नका, वाट द्या. तो आपल्या वाटेने जाईल. ही माहिती घरात आणि आपल्या टोळीतल्या मजुरांना वाचून दाखवावी, ही विनंती.